टब भरेपर्यंत

आत्या, तुझा तेरावा झाला, पाव्हणे आपापल्या गावी गेले, आणि मग अण्णा आणि मी तुझ्या खोल्या रिकाम्या करायला अंबाजोगाईला आलो. खानावळीची भांडी आवरली. सतरंज्या गुंडाळल्या. लोणच्याची बरणी शेजारच्या बाईंना दिली, त्यांनी ती पदराखाली धरून नेली. सगळ्यात शेवटी मागच्या अंगणाचं दार उघडलं आणि अण्णा उंबऱ्यातच थांबले.

तुझा निळा टब काठोकाठ भरला होता. इतकी दाटी त्या टबात मी कधीच बघितली नव्हती. कमरेएवढ्या हिरव्या काड्या, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला लांबट पानांची उघडलेली छत्री. तू अंथरुणाला खिळल्यापासून त्याला कुणी कापलं नाही, कुणी वाटलं नाही. शेजारच्या बाई पाणी तेवढं घालत राहिल्या.

अण्णा म्हणाले, "भरला की गं."

या शब्दांच्या मागं काय आहे ते आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. आता दोघंच उरलो. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहून ठेवावं, तुझ्याशी बोलतच.

तेराव्याला आलेले लोक तुझ्या आमटीचं बोलत होते. बोलू दे. मेडिकलच्या मागच्या गल्लीत तुझी खानावळ होती आणि तुझ्या हातची आमटी खाऊन कितीतरी पोरं डॉक्टर झाली, हे खरंच आहे. पण मला तुझी आठवण येते ती ओल्या हातांची, चिखलात बोटं घालून माती दाबणारी.

ते झाड मी यायच्या आधीपासून तुझ्याकडं होतं. तुझ्याकडं जेवणाऱ्या एका नर्सबाईंची बदली झाली आणि जाताना त्यांनी एका फुटक्या बादलीतून ते तुला दिलं. नाव त्यांनाही माहीत नव्हतं. नवं रोप कसं करायचं ते सांगितलं आणि म्हणाल्या म्हणे, "मावशी, ह्याचे पाय कायम ओले ठेवा." तू प्लास्टिकचं निळं पिंप अर्धं कापून आणलंस, बुडाला भोक पाडलं नाहीस, खाली वाळू, वर काळी माती, आणि वर बोटभर पाणी. नाव ठेवलंस छत्री.

ज्या गावात नळ येण्याचा भरवसा नाही, उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन पळावं लागतं, तिथं पाय ओले ठेवायला लागणारं झाड पाळायचं म्हणजे लोक हसणारच. तू त्याचं पाणी पंगतीतून काढलंस. पोरं पेला भरून घेतात आणि अर्धा पिऊन उठतात, हे तुझ्या डोळ्यात सलायचं.

"पेल्यातलं पाणी मोरीत वतू नका रे. तिकडं टबात वता."

"आत्या, उष्टं चालतंय का झाडाला?"

"उद्या डाक्टर व्हणार ना तुमी? डाक्टरचं उष्टं म्हंजे टॉनिक हाय त्याला. आन् टबात शीत पडलं तर उद्या वरण न्हाई."

एकदा फवारणीवाला आला आणि टबात डासाच्या अळ्या होतात म्हणून उलटा करायला निघाला. तू त्याचा हात धरलास. "अळी दाखव आदी." अळ्या होत्या. तरी तू टब उलटा करू दिला नाहीस. त्यालाच दवाखान्यातनं गप्पी मासे आणायला लावलेस, आणि मासे घेऊन आला तेव्हा त्याला जेवायला बसवलंस. थंडीत अंबाजोगाईचं वारं लागून छत्र्यांची टोकं पिवळी पडायची, तेव्हा आपण दोघी तो टब ओढत भट्टीच्या भिंतीमागं नेत होतो. मे महिन्यात वर गोणपाट. पिवळी काडी दिसली की बुडापासून कापायची. एवढे लाड तू माझे केले नाहीस. मी तोंडावर म्हणाले होते हे तुला. तू म्हणालीस, "तू बोलती. ते बोलत न्हाई."

मी पाटोद्याजवळच्या आमच्या गावातनं बारावी करून तुझ्याकडं आले. तूच अण्णांना निरोप धाडलास, "पोरीला माझ्याकडं ठिव, मला बी दोन हात लागत्यात." सकाळी भाकऱ्या थापायच्या, मग कॉलेज. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. पण मी बॉटनी घेतलं तेव्हा तू कपाळावर हात मारलास.

"झाडं शिकाया कालिज कावून लागतंय? नर्शिंग कर. पगार हाय."

हे भांडण आपण शेवटपर्यंत भांडलो. नोकरी लागल्यावरही तू म्हणायचीस, नर्स झाली असतीस तर आता मेट्रन असतीस.

आणि मग तो दिवस. तुला तो माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार.

मी दुसऱ्या वर्षाला होते. ऊन कडक होतं. अण्णा सकाळच्या गाडीनं न सांगता आले. मी प्रॅक्टिकलला गेले होते, तू मंडईत. शेजारच्या बाईंनी कुलूप काढून दिलं आणि अण्णा अंगणात येऊन बसले. आता हातात काम नसेल तर अण्णांना बसवत नाही, हे सगळ्या पाटोदा तालुक्याला माहीत आहे. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. समोर टब, टबात लव्हाळा.

ज्यानं शेत केलं आहे त्याला लव्हाळा सांगावा लागत नाही. वरून उपटला तरी खाली गाठ राहते, गाठ राहिली की आठवड्यात पुन्हा हिरवा. अण्णांचं निम्मं आयुष्य त्याच्यापाठीमागं खुरपं घेऊन गेलं आहे. बहिणीच्या दारात लव्हाळा माजलेला बघून त्यांना वाईट वाटलं. बिचारी एकटी, खानावळीच्या धबडग्यात तिला वेळ कुठं? त्यांनी स्वयंपाकघरातनं खुरपं शोधलं आणि टब साफ केला. नुसता उपटला नाही. पार बुडापासून मुळं काढली, माती झटकली, आणि गाठी पुन्हा धरू नयेत म्हणून सगळं भट्टीच्या पत्र्यावर उन्हात पसरून टाकलं. गप्पी मासे तेवढे आधी बादलीत काढून ठेवले, हे नशीब. मग माती सारखी केली, वर हात फिरवला आणि वाट बघत बसले.

तू आणि मी बरोबरच दारात पोचलो.

"आक्का, लई माजला व्हता बघ लव्हाळा. समदा काढला. आता कोथमीर टाक."

तू भाजीची पिशवी खाली ठेवलीस. टबाकडं बघितलंस. पत्र्याकडं बघितलंस. मला वाटलं आता घर डोक्यावर घेशील. तू म्हणालीस, "हात धू. जेवाया बस."

पंगतीला मेडिकलची दोन पोरं होती. अण्णांना त्यांच्या शेजारी पाट टाकला. दोन घास झाले आणि अण्णांनी आले होते ते काम काढलं. आष्टीकडचं स्थळ आहे, एकुलता पोरगा, ट्रॅक्टर आहे, पाव्हणे परवा बघायला येणार. "संगीला आजच घेऊन जातो."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. बघायला येतात, मग सुपारी, मग लग्न, मग "राहिलेलं शिक्षण सासरी कर" असं सगळे म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीची पुस्तकं अजून माळ्यावर होती. त्या दिवशी गाडीत बसले असते तर माझं कॉलेज तिथंच संपलं असतं. मला ते कळत होतं आणि अण्णांपुढं तोंड उघडत नव्हतं. तू वरण वाढत होतीस. वाढतावाढता, सहज विचारावं तसं विचारलंस.

"किसना, तुझं जनावर कुनाच्या रानात घुसलं आन् उभं पीक खाल्लं, तर काय करतोस रे?"

"भरून देतो."

"पंच बसवावं लागत्यात का?"

"कावून? आपून हून देतो. आपल्या घरानं कुनाचं नुकसान ठिवलं न्हाई आजवर."

"मंग माझं दे भरून."

अण्णांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांना ठसका लागला. "लव्हाळ्याची भरपाई? आक्का, गाव हसंल."

"लव्हाळा न्हाई त्यो. छत्री हाय."

"नाव काय बी ठिव. लव्हाळाच हाय."

"बरं. लव्हाळा तर लव्हाळा. कव्हा उगवंल?"

"आट दिसांत. मुळी ऱ्हाती त्येची. बघच तू."

"मंग आट दीस थांब. टब व्हता तसा भरला की पोरगी ने. तवर ती हितं."

अण्णांनी विचार केला. पाव्हण्यांना आठ दिवस थोपवता येतं. लव्हाळा तर येणारच. ते म्हणाले, "दिला शब्द." त्या दोन पोरांपैकी लातूरकडचा एक मोठा वात्रट होता. तो म्हणाला, "काका, आम्ही दोघं साक्षीला हाव बरं का." अण्णा त्याला म्हणाले, "गप जेव बे." पण शब्द गेला होता, आणि चार माणसांत गेलेला शब्द अण्णा परत घेत नाहीत. हे तुला पक्कं ठाऊक होतं. लहानपणापासून तू त्यांना ओळखत होतीस.

ते गेल्यावर तू मला पत्र्यावर चढवलंस. मुळं पापडासारखी वाळली होती, एकही जीव धरण्यासारखी नव्हती. लव्हाळ्याची गाठ असती तर तेवढ्या उन्हात टिकली असती. ही नाजूक जात. छत्र्या तेवढ्या काही ठिकाणी हिरव्या होत्या. नर्सबाईंनी सांगितलं होतं तसं तू केलंस. छत्रीखाली चार बोटं काडी ठेवून कापली, पानं कात्रीनं निम्मी छाटली, आणि छत्री उलटी करून स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यात बुडवली. काडी वर, पानं खाली.

मी म्हणाले, "आत्या, उलटं ठेवलंस."

"माझा भाऊ सुलटा हाय का? त्याला शेवटी उलटंच धरावं लागलं ना?"

मग आपण दोघी एवढ्या हसलो की शेजारच्या बाई बघायला आल्या. त्या हसण्यात माझं रडून झालं. मी रोज पेल्यातलं पाणी बदलत होते. काही छत्र्या कुजल्या. काहींना मधूनच, पानांच्या बेचक्यातून, पांढरी मुळं आली आणि वर हिरवी टोकं.

अण्णा ठरल्याप्रमाणं आले. टबात नुसता चिखल. त्यांनी खाली बसून बोटं घातली, तळापर्यंत चाचपलं.

"मेला कसा, आक्का? लव्हाळा मरत न्हाई कव्हा."

"न्हाई ना मरत?"

"न्हाई."

"आन् हा मेला. मंग हा कोन व्हता?"

अण्णांनी चहा घेतला आणि गेले. आष्टीच्या पाव्हण्यांनी त्या मोसमातच दुसरी मुलगी केली. त्या मुलीचं सगळं चांगलं झालं असेल अशी मी मनापासून आशा करते.

पुढं तू ती रोपं टबात लावलीस. अण्णा येत राहिले. कधी ज्वारी द्यायला, कधी दवाखान्याच्या कामानं. दरवेळी आधी मागच्या अंगणात जाऊन टब बघायचे, जसा उभ्या पिकाचा अंदाज घ्यावा तसा. टब कधी निम्मा असायचा, कधी त्याहून जास्त. भरलेला कधीच नसायचा. कारण भरत आला की तू त्याला वाटून टाकायचीस. इंटर्नशिप संपवून निघालेल्या पोराला गड्डा, बाळंतपणाला माहेरी आलेल्या शेजारच्या लेकीला गड्डा, पोस्टातल्या शिपायाला गड्डा. एकदा अण्णा उद्या यायचे होते आणि आज तू भाजीच्या विळ्यानं अख्खा गड्डा मधोमध चिरत होतीस. मी दारात उभी होते. तू मान वर केलीस.

"दाट झालं की सडतंय ते," म्हणालीस.

मी "हां" म्हणाले आणि भाकऱ्या थापायला गेले.

आत्या, हे मी कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. पुढं मी वाचलं, की कुंडीतलं हे झाड खरंच मधूनमधून फोडून वेगळं करावं लागतं, नाहीतर आतून कुजायला लागतं. म्हणजे तू म्हणालीस ते खोटं नव्हतं. तू झाडाला वाचवत होतीस की मला, हे मला आजही ठरवता येत नाही. तुझी शाळा चौथीला सुटली आणि अण्णांना सांभाळायला तुला घरी ठेवलं, हे तू मला एकदाच सांगितलं होतंस, कांदा चिरताना. मी पुढचा कांदा सोलून तुझ्यासमोर ठेवला.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला ही जात शिकवायला आली. मॅडमनी एक काडी वर धरून विचारलं, हे गवत नाही, हे कसं ओळखाल? मी म्हणाले, बोटांत फिरवायची, तीन कडा लागतात. लहानपणापासून लव्हाळा उपटत आलेल्या बोटांना ते माहीतच होतं. वर्गातली शहरातली मुलं माझ्याकडं बघायला लागली आणि मला त्या दिवशी फार बरं वाटलं. घरी अण्णा आलेलेच होते, मी तुमचा तंटा सोडवायला निघाले. म्हटलं, दोघंही बरोबर आहात. लव्हाळाही सायपरस, छत्रीही सायपरस. एकाच कुळातली भावंडं.

अण्णा म्हणाले, "मी काय म्हनत व्हतो मंग?"

तू म्हणालीस, "भाऊ असला म्हनून काय झालं? एक भाऊ रान खातो, एक सावली देतो." आणि मग माझ्याकडं वळून, "तुझ्या कालिजाला काय कळतंय."

शेवटची दोन वर्षं आपलं दुसरंच भांडण चाललं होतं. गुडघ्यांमुळं खानावळ बंद झाली होती. मी केजला कॉलेजात शिकवते, दोन खोल्या रिकाम्या आहेत, माझी लेक तुझ्यामागं "आत्याआजी" करत फिरते, चल म्हणाले. तू म्हणायचीस तिसऱ्या मजल्यावर टब कोण चढवणार. मी म्हणायचे टब इथंच राहू दे. तू म्हणायचीस मग मी बी हितंच ऱ्हाते. मला राग यायचा. आता येत नाही. तुझी खोली होती, तुझं अंगण होतं, दारात येणाऱ्याला जेवलास का विचारण्याची तुझी सवय होती. आयुष्यभर दुसऱ्याला ठेवून घेणाऱ्या बाईनं म्हातारपणी स्वतः कुणाकडं राहायला जायचं, हे तुला जमणारं नव्हतं.

मी तुला कधी "तुझ्यामुळं शिकले" म्हणाले नाही. म्हणाले असते तर तू म्हणाली असतीस, "भाकऱ्या थापल्यास ना, फुकट न्हाई ठिवलं." आणि विषय संपला असता. आता तू मधे बोलू शकत नाहीस, म्हणून पुरतं म्हणून घेते. आत्या, माझी पदवी, माझी नोकरी, नवरा मी स्वतः बघून केला ते, माझ्या लेकीला कुणी परवा बघायला येणार नाही ते, सगळं तू वरण वाढतावाढता मला दिलंस. माझ्यावर भाषण केलं नाहीस, भावाशी भांडण केलं नाहीस, त्याला खाली बघायला लावलं नाहीस. त्याच्याच रीतीत त्याला बांधलंस आणि पोटभर जेवू घालून पाठवलंस.

तर रविवारी अण्णांनी खुरपं मागितलं. मला पत्र्यावरची मुळं आठवली. पण ते टबाशेजारी बसले आणि एका बाजूनं हळूहळू, मुळाला हिसका बसणार नाही असं, निम्मा गड्डा मातीसकट सोडवला. ओल्या पोत्यात गुंडाळला. निम्मा टब शेजारच्या बाईंच्या अंगणात सरकवून दिला.

"कुठं नेताय?" मी विचारलं.

"बोअरच्या टाकीखाली पानी गळतंय. तिथं लावतो."

सगळी हयात लव्हाळा उपटलेला माणूस स्वतःच्या रानात तो लावणार.

गाडीत त्यांनी ते पोतं सीटखाली ठेवलं नाही. मांडीवर घेतलं. धोतर ओलं होत होतं. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि पोत्यातनं डोकावणाऱ्या काड्या बघून हसला.

"काका, लव्हाळा कुठं घेऊन चाललाव?"

"गावाकडं."

"तिकडं कमी हाय का?"

"लई हाय," अण्णा म्हणाले. "हा न्हाई."

पुढच्या सीटवरच्या बाई मागं वळून बघत होत्या. लेक का, म्हणाल्या. अण्णांनी मान डोलावली. केजला कालिजात शिकवती, म्हणाले. बाई म्हणाल्या, शिकवलं म्हणा तुमी लेकीला, लई चांगलं केलं. गावात हे वाक्य आलं की अण्णा मिशीवर हात फिरवतात आणि "शिकवलं, शिकवलं" म्हणतात. तुझ्यासमोरही म्हणायचे, आणि तू त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायचीस.

अण्णांनी पोत्याचं तोंड नीट केलं.

"मी न्यायला गेलतो हिला," ते म्हणाले. "बहिणीनं ठिवून घेतली."

केज आलं. मला तिथं उतरायचं होतं, सोमवारी सकाळचा तास होता. कंडक्टरनं हाक मारली. मी त्याला बोलावलं आणि गावापर्यंतचं तिकीट मागितलं.